तळ बदलता येतो, पण बदलणारा गावात राहिला पाहिजे

(पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. शेवटचा भाग आपल्या गावाचा आहे, तेवढा मात्र सोडू नका.)

मंडळी, इंग्लंडचे राजे चार्ल्स यांचे काही फोटो अधूनमधून फिरत असतात. अंगात बेतून शिवलेला सूट, पायात चकचकीत बूट, आणि त्या बुटाला बाजूनं चक्क ठिगळ. ते युवराज होते तेव्हापासून हे चालू आहे. एकेक जोड ते दशकं-दशकं वापरतात. आपल्याकडं असा फोटो पाहिला की पहिला प्रश्न येतो, "राजाला नवा जोड परवडत नाही व्हय?"

परवडतो की. पण तो बूट ज्या पद्धतीनं बांधलेला असतो, ती पद्धतच मुळी 'झिजेल, उघडू, दुरुस्त करू, परत शिवू' असा हिशेब धरून तयार झालेली आहे. ठिगळ ही तिथं लाज नाही. बूट चांगला होता आणि दुरुस्त करणारा माणूस हाताशी होता, याची ती खूण आहे.

जुने, चामड्याचे, लेसवाले, सूटखाली घालायचे पुरुषी बूट जमवणारे, वापरणारे आणि जपणारे लोक जगभर आहेत. अमेरिकेत फ्लोरशाइम कंपनीच्या जुन्या 'इम्पीरियल' जोडांच्या मागं लोक हात धुऊन लागतात. टाचेत बसवलेली व्ही आकाराची धातूची पट्टी दिसली की त्यांचे डोळे चमकतात. काहीजण घोड्याच्या पुठ्ठ्याच्या चामड्याचे बूट शोधतात. शिकागोच्या हॉरवीन टॅनरीत हे चामडं कमवायला सहाएक महिने लागतात आणि त्याला चिरा जवळपास पडतच नाहीत. आपल्या तालुक्यातली दोन-तीन पोरंसुद्धा आता या नादाला लागलीत. ऑनलाइन जुने इंग्लिश बूट मागवतात, घासूनपुसून लग्नाला घालतात. त्यांच्यामुळंच हा विषय डोक्यात घोळत होता. हा नाद पैसेवाल्यांचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी गेलं की वाट सह्याद्रीतल्या हिरड्यापर्यंत आणि आपल्या एसटी स्टँडसमोरच्या गटई कामगारापर्यंत येते.

आधी बूट उघडून बघू

चांगल्या जुन्या बुटाला वरचं चामडं असतं, आत पायाखाली चामड्याचा एक थर असतो, आणि बाहेर जमिनीला टेकणारा तळ असतो. या सगळ्यांना जोडणारी एक चामड्याची अरुंद पट्टी कडेनं फिरवलेली असते. इंग्रजीत तिला वेल्ट म्हणतात. शिलाई दोन वेळा होते. पहिली शिलाई वरचं चामडं, आतला थर आणि पट्टी यांना एकत्र बांधते. दुसरी शिलाई फक्त पट्टी आणि बाहेरचा तळ जोडते. मधल्या पोकळीत बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा भरतात. तो हळूहळू पायाच्या आकाराचा होत जातो.

सगळी गंमत त्या दुसऱ्या शिलाईत आहे. तळ झिजला की तेवढीच उसवायची, जुना तळ काढायचा, नवा शिवायचा. वरच्या चामड्याला हातसुद्धा लावावा लागत नाही. अशा बुटाचा तळ अनेकदा बदलता येतो. म्हणून तळाला भोक पडलं तरी बूट मेला असं होत नाही.

नॉर्थॅम्प्टन आणि लिन

या बुटांची पंढरी म्हणजे इंग्लंडमधलं नॉर्थॅम्प्टन. आसपास गुरांची कुरणं, चामडं कमवायला ओकची साल, आणि नेन नदीचं पाणी. १६४२ मध्ये तिथल्या १३ कारागिरांनी मिळून आयर्लंडला निघालेल्या सैन्यासाठी ४,००० जोड बूट आणि ६०० जोड उंच बूट पुरवायचं काम घेतलं होतं. पुढं १८७३ मध्ये चर्च्स, १८७९ मध्ये क्रॉकेट अँड जोन्स, १८९० मध्ये एडवर्ड ग्रीन अशा कंपन्या तिथं उभ्या राहिल्या. आजही त्या गावाच्या फुटबॉल संघाला लोक 'कॉबलर्स' म्हणतात, म्हणजे जोडे दुरुस्त करणारे. आणि हे नाव तिथं अभिमानानं घेतलं जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शे-दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक बुटांना डावा-उजवा हा फरकच नसायचा. दोन्ही एकाच साच्यावर, म्हणजे कालबुतावर ताणलेले. डावा-उजवा वेगळा करायची पद्धत एकोणिसाव्या शतकात सर्रास झाली. त्याच शतकात यंत्रं आली. १८५८ मध्ये अमेरिकेत लायमन ब्लेक यांनी तळ शिवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८७० च्या आसपास धाकट्या चार्ल्स गुडइयर यांच्या नावानं पट्टी शिवणारं यंत्र आलं, म्हणून या शिलाईला आजही 'गुडइयर वेल्ट' म्हणतात. रबर पक्कं करायची युक्ती शोधणाऱ्या गुडइयरांचे हे चिरंजीव. टायरच्या कंपनीचा या घराण्याशी संबंध नाही, तिनं फक्त नाव घेतलं.

तरी एक काम यंत्राला जमत नव्हतं. वरचं चामडं कालबुतावर ओढून, चुण्या घालून, तळाशी खिळे मारून पक्कं बसवायचं. हे काम हातानंच व्हायचं. कुशल कारागीर दिवसाला साधारण ५० जोड काढायचा आणि कारखाना त्याच्या तालावर चालायचा. हा तिढा सोडवला यान मॅट्झेलिगर यांनी. जन्म १८५२ चा, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा. वडील डच, आई कृष्णवर्णीय. हा माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी बुटांच्या कारखान्यात मजुरी करायचा. रात्री इंग्रजी शिकला, यंत्रशास्त्राची पुस्तकं वाचली, आणि कारागिरांच्या हाताची हालचाल बघून बघून यंत्र रचलं. २० मार्च १८८३ ला पेटंट मिळालं. त्याचं यंत्र दिवसाला १५० ते ७०० जोड काढायचं. बुटाच्या किमती खाली आल्या आणि चांगला बूट साध्या माणसाच्या पायात आला. मॅट्झेलिगर मात्र १८८९ मध्ये क्षयानं गेला. वय ३६. अमेरिकेनं त्याचं टपाल तिकीट काढलं १९९१ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी.

जोडे बनवणाऱ्याचं नाव घ्यायला जग नेहमी उशीरच करतं.

त्या बुटात आपलं काय होतं?

बरंच काही. चामडं कमवायला झाडाची साल किंवा फळं लागतात. इंग्लंडात ओकची साल वापरत, पण कारखाने वाढले तसं बाहेरून माल आणावा लागला. त्यात मोठा वाटा आपल्या हिरड्याचा. हिंदुस्थानातून हिरडा जहाजांनी इंग्लंडला जायचा. तिथले टॅनरीवाले मालाची प्रत ज्या नावांनी ओळखायचे, त्यातलं एक नाव होतं 'विंगुर्ला'. म्हणजे आपलं वेंगुर्ला! कोकणातल्या बंदराचं नाव तिकडच्या चामड्याच्या व्यापारात मालाची प्रत म्हणून चालत होतं. मद्रासकडून अर्धवट कमावलेली गाईबैलांची कातडी जायची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बुटांसाठी या कातड्याला मोठी मागणी होती.

आपल्या देशातही कारखाने उभे राहिले. १८६० च्या दशकात कानपूरला सैन्याच्या खोगिराचा आणि घोड्याच्या साजाचा सरकारी कारखाना आला, १८८० च्या दशकात कूपर ॲलन कंपनी आली. मग चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन गावची बाटा. १८९४ ला सुरू झालेल्या या कंपनीनं १९३० च्या दशकात कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी बाटानगर वसवलं. बाटा परदेशी आहे हे आपल्या अर्ध्या लोकांना आजही पटत नाही, इतकी ती घरची झाली.

बूट आणि मान

आता जरा अवघड भाग. बूट आपल्याकडं नुसता पायात घालायची वस्तू म्हणून आला नाही. तो मानाचा प्रश्न होऊन आला.

साहेबापुढं जाताना हिंदी माणसानं जोडे काढायचे, असा इंग्रजांचा आग्रह असायचा. १८५४ मध्ये कलकत्त्याहून सरकारनं सवलत दिली, पण कुणाला? ज्यानं विलायती पद्धतीचे बूट-मोजे घातलेत त्याला. देशी जोडा घातला असेल तर तो दाराबाहेरच. १८६२ मध्ये मुंबई इलाख्यातच, सुरतेला, माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना देशी जोडे घालून न्यायालयात जाण्यावरून अडवलं गेलं आणि मोठा वाद झाला. १८७४ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयात ईश्वरचंद्र विद्यासागरांना अडवलं, कारण पायात साध्या देशी चपला होत्या. एवढा मोठा विद्वान, पण दारावरच्या माणसानं बघितलं ते पाय. सुशिक्षित माणूस म्हणजे बूट, ही समजूत इथून पक्की होत गेली.

आणि हे साहेबानं आपल्याशी केलं म्हणून आपण चिडतो, पण आपण आपल्या गावात काय करत होतो? वरच्या आळीतून जाताना दलितानं वहाणा काढून हातात घ्यायच्या, ही रीत किती गावांत होती ते जुन्या माणसांना विचारा. ज्याच्या हातानं गावाचे जोडे शिवले जायचे, त्यालाच ते पायात घालायची चोरी. म्हणून बाबासाहेबांचा सूट-बूट हा हौसेचा विषय नव्हता. चौकातल्या पुतळ्याच्या पायात बूट आहेत, त्यामागं हा सगळा इतिहास आहे.

आपली भाषाही बघा. 'जोडे मारणे', 'जोडे उचलणे', 'पायातल्या वहाणेची लायकी'. संतांच्या पादुका आपण पालखीत ठेवून पंढरपूरला नेतो, भरतानं चौदा वर्षं पादुका सिंहासनावर ठेवल्या म्हणून डोळे पुसतो. आणि जोडे शिवणारा मात्र गटाराच्या कडेला, फाटक्या छत्रीखाली. नॉर्थॅम्प्टननं 'कॉबलर' हे नाव आपल्या संघाला दिलं. आपल्याकडं ते नाव शिवी म्हणून वापरणारे अजूनही सापडतात.

चर्च्स, प्राडा आणि कोल्हापुरी

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल दाखवली. कोल्हापूरचं नाव कुठंच नाही. आरडाओरड झाल्यावर कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरांच्या पादत्राणांची आहे. वर्षअखेरीस महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करारही केला. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं आहे. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात आहेत.

त्या वादात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. नॉर्थॅम्प्टनची १८७३ ची ती चर्च्स कंपनी १९९९ मध्ये प्राडानंच घेतली आणि आजही ती त्याच समूहात आहे. तिथल्या बुटावर मात्र 'चर्च्स' हे नाव आणि 'इंग्लंडमध्ये बनवलेला' हे शब्द तसेच राहिले, कारण त्या नावालाच किंमत आहे. कोल्हापुरी बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याची, हाताच्या शिलाईची. उत्तम इंग्लिश बुटाचा तळ ओकच्या सालीत वर्षभराहून जास्त काळ मुरवलेला. दोन्ही कामांत संयम तोच, हिरडाही एकेकाळी दोन्हीकडं तोच. फरक नावाच्या किमतीत पडला.

मग आपले लग्नातले बूट कपाटात का मरतात?

हा अनुभव बहुतेक प्रत्येक घरात आहे. लग्नात घेतलेले बूट चार-पाच वर्षांनी खोक्यातून काढावेत, चार पावलं टाकावीत, आणि तळाचा भुगा व्हावा. बूट तर वापरलेसुद्धा नव्हते! कारण असं की तो तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं हा पदार्थ आतून सुटत जातो. न वापरता कोंडून ठेवला तरी सुटतोच. तळ चिकटवलेला असल्यामुळं आणि बुटाला शिवायची पट्टीच नसल्यामुळं दुरुस्ती करणाराही हात वर करतो. चामड्याच्या शिवलेल्या तळाला हा रोग नाही. म्हणून १९६० चा चांगला बूट आज चालतो आणि २०१८ चा चालत नाही.

ज्यांना जुना जोड घ्यायचाय किंवा घरात वडिलांचा-आजोबांचा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात:

१) तळ बघू नका, वरचं चामडं बघा. बोटं वाकतात तिथं सुरकुत्या असल्या तर चालतं, आरपार चीर असेल तर सोडून द्या. तळ नवा मिळेल, वरचं चामडं मिळणार नाही.

२) कडेच्या टाक्यांवर लगेच भुलू नका. चिकटवलेल्या बुटालाही शोभेचे टाके मारतात. आत हात घालून बघा, खालून टाका आतल्या थरावर आला असेल तर ती ब्लेकची शिलाई, तीही दुरुस्त होते. आत टाका नाही, पण पट्टीवर आणि तळाखाली खरा टाका आहे, तर बहुधा वेल्ट.

३) मापाचा घोळ होतो. इंग्लंडचा ८ म्हणजे अमेरिकेचा साधारण ९. शक्यतो मोजपट्टीनं लांबी-रुंदी विचारून घ्या.

४) एकच जोड रोज घालू नका. पायाचा घाम चामड्यात मुरतो, तो सुकायला एक दिवस द्या. आत लाकडी साचा ठेवा, नसेल तर कागदाचे बोळे.

५) आधी ब्रशनं धूळ काढा, मग क्रीम. क्रीम चामड्याला मऊ ठेवतं, मेणाचं पॉलिश चमक देतं. चेरी ब्लॉसम आणि किवी या दोन्ही डब्या १९०६ पासूनच्या, दोन्ही मेणाच्या. मेण टोकाला आणि टाचेला लावा. वाकणाऱ्या भागावर थर चढवले की ते तडकतं.

६) भिजले तर उन्हात किंवा चुलीपुढं ठेवू नका. कागद भरून सावलीत ठेवा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. धरलीच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओल्या फडक्यानं पुसा आणि वाऱ्यावर ठेवा.

७) चामड्याच्या तळाला आपल्या पावसात रबराचा पातळ 'अर्धा सोल' लावून घ्या. खालचं चामडं कितीतरी वर्षं जास्त टिकतं.

सातवा मुद्दा वाचून तुम्ही विचाराल, लावून घ्यायचा कुणाकडून? आता आपल्या गावाकडं येऊ.

आपल्या बाजारपेठेतला प्रश्न

एसटी स्टँडपासून भाजी मंडईपर्यंत एकेकाळी गटई कामगारांची रांग होती. रापी, आरी, मेण लावलेला दोरा, लोखंडी ऐरण, एवढ्या भांडवलावर घरं चालायची. आज मला दोनच ठिकाणं सांगता येतात, आणि त्यातलाही एकजण म्हणतो, पोरगा पुण्यात कंपनीत आहे, माझ्यानंतर कुणी नाही. रस्ता रुंद झाला, चौक सुशोभित झाला, प्रत्येक वेळी पहिली उचलली गेली ती यांची पेटी. वारीत वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे हेच लोक. तेव्हा आपण त्यांचे फोटो टाकतो.

पोरगा कंपनीत गेला याचं मला वाईट वाटत नाही. ज्या कामानं पिढ्यान्‌पिढ्या हेटाळणी दिली ते काम त्यानं का करावं? जातीनं लादलेलं काम जातीवरच राहावं असं कुणी म्हणणार नाही. पण जे करतायत त्यांना जागा, सावली आणि रास्त दाम मिळावा, आणि ज्याला कुणाला शिकायचंय, कुठल्याही जातीचा असो, त्याला शिकता यावं, एवढं तर मागता येईल?

कायदा बाजूनं आहे. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा फक्त माल विकणाऱ्यांना लागू नाही, रस्त्यावर सेवा देणाऱ्यालाही लागू आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत. गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल द्यायची राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची योजना आहे. सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरीत हेही काम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज.

आता प्रश्न साधे आहेत. आपल्या गावातल्या सर्वेक्षणात गटई कामगार किती धरले? समितीत त्यांचा कुणी आहे का? पत्र्याचे स्टॉल किती आले, आणि त्यात आज खरोखर गटई बसतात की दुसरंच दुकान चालतं? मी या तीन गोष्टींसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथं मांडतो.

तोवर तुम्ही एक करा. घरात उसवलेली, तुटलेली चप्पल, बूट, बॅग, जे असेल ते टाकून देऊ नका, या आठवड्यात दुरुस्तीला न्या. सांगतील ते पैसे द्या, दहा रुपयांसाठी घासाघीस नको. आणि तुमच्या भागात, आसपासच्या गावात कोण कुठं बसतं ते कमेंटमध्ये लिहा. नावं-नंबर नकोत, फक्त चौक आणि वेळ. त्याची एक यादी करून पुढच्या रविवारी टाकतो.